जुन्या शिडाच्या होडीची डागडुजी

फायबरची होडी कुजत नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. माझाही होता. आमचे बाबा मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांना फायबर मारतात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे त्यांच्या अंगाला लागणाऱ्या खाजेपलीकडे त्या कामाचा मी कधी विचार केला नव्हता. गेल्या मार्चमध्ये एका निवृत्त गृहस्थांची चाळीस वर्षांची शिडाची होडी त्यांच्याकडे आली आणि माझा गैरसमज फिटला.

काचेच्या तंतूंची चटई व तिला धरून ठेवणारे रेझिन, म्हणजे फायबर. याचा तळ खरोखरच चिवट असतो. अमेरिकेत १९५९ साली कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली ‘ट्रायटन’ ही २८ फुटी नौका निघाली. तशा ७०० हून अधिक बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक अजून पाण्यावर आहेत. तळाला फोड येतात खरे, फोडले की आंबट वासाचे पाणी निघते. पण ते घासून, धुऊन, वाळवून बुजवता येतात.

खरे दुखणे असते डेकमध्ये. डेक हलका हवा, पण पायाखाली दबता कामा नये. म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये, पोळीत पुरण असावे तसे, हलके बाल्सा लाकूड घालतात. पुढे त्याच डेकला भोके पाडून कठडे, कड्या, कप्प्या बसवतात. भोकातले सील उन्हाने तडकते आणि पाणी थेट त्या पुरणात शिरते. वरून सारे चकचकीत. आत लाकडाचा लगदा!

मालकांनी फक्त रंग मारायला सांगितले होते. बाबा म्हणाले, “रंग मगे. आदी पाणी खयसून भितर जाता तां बगूक व्हया.” हातोडीच्या दांड्याने ते डेकवर टकटक करीत फिरले. टणक आवाज आला तेथे ठीक. भद्द आवाज आला तेथे खडूची रेघ. निम्मा डेक खडूने भरला. मालक नाराज झाले, काम हातचे जाते की काय असे आईला वाटले. मग बाबांनी एक स्क्रू काढला. भोकातून तपकिरी पाणी ओघळले, तेव्हा मालकच गप्प झाले.

वरचा थर कापून लगदा खरवडला, उन्हात वाळवला. नवे लाकूड इपॉक्सीने चिकटवले, कारण जुन्या फायबरला ते साध्या पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट धरते. सांधा नुसता जोडून भागत नाही; थर ५ मिलिमीटर जाड असेल तर सुमारे ६० मिलिमीटर उतार घासून त्यावर नवी चटई बसवावी लागते. डोलकाठीच्या तारांना मात्र दुरुस्ती नाही. त्यांचा गंज टोकाच्या नळीत लपतो, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात.

मूळच्या बांधणीहून सरस असे काम झाले ते भोकांचे. प्रत्येक भोक आधी मोठे करायचे, घट्ट इपॉक्सीने भरायचे आणि सुकल्यावर त्यातच लहान भोक पाडायचे. मग सील पुन्हा तडकले तरी पाणी लाकडाला शिवत नाही. बाबांना लिहिता येत नाही. भोकांची नोंद माझ्या इतिहासाच्या वहीत आहे. एकूण १३४. पावसाआधी १२० झाली, उरलेली नारळी पौर्णिमेनंतर.