डांबरी रस्ता आणि पाण्याची वाट

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीस येणारा रस्ता आमच्या भागातील शेतकऱ्यांस केवळ ये-जा करण्याचे साधन नाही. भिलार व आसपासच्या गावांतील स्ट्रॉबेरी याच वाटेने पेठेकडे जाते. हे फळ फार नाजूक. गाडी खड्ड्यांतून आपटत गेली म्हणजे तळची फळे दबून पाणी सोडतात आणि व्यापाऱ्यास भाव पाडण्यास आयतेच निमित्त मिळते. तेव्हा रस्ता किती पावसाळे टिकतो, हा प्रश्न सरकारी खात्याइतकाच आपलाही आहे.

हल्ली पर्यावरणास पोषक अशा रस्त्यांची चर्चा पुष्कळ ऐकू येते. तिच्यात तथ्य किती, हे समजण्यास रस्ता कशाचा होतो ते प्रथम पाहिले पाहिजे. ज्यास आपण डांबर म्हणतो ते पूर्वी दगडी कोळशापासून काढीत; आज रस्त्यावर पडते ते खनिज तेल शुद्ध करिताना तळाशी राहणारे द्रव्य होय. रस्त्याच्या मिश्रणात ते वजनाने शेकडा पाचांच्या आसपास असते. बाकी सर्व खडी व दगडाची भुकटी. म्हणजे डांबर परदेशच्या तेलातून येते आणि खडी कोणत्या तरी डोंगराचे पोट फोडून. शिवाय हे सर्व सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापविण्यास जळण लागते ते निराळेच. महाबळेश्वर-पाचगणी हा टापू केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. येथे तरी एकाच रस्त्यासाठी वारंवार डोंगर फोडणे परवडणारे नाही.

यावर विद्वानांनी काही उपाय काढिले आहेत. मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकून तिला त्याचे लेपन देण्याची रीत बसविली. त्याबद्दल त्यांस २०१८ साली पद्मश्री मिळाली. अशा खडीस डांबर अधिक घट्ट धरते, पाणी कमी शिरते आणि डांबराचीही थोडी बचत होते. आपल्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरील मल्चिंग पेपर हंगाम संपला म्हणजे बांधावर जाळिला जातो. तोही बहुधा पॉलिथीनचाच असल्याने, माती झटकून, धुऊन एकत्र केल्यास या कामी येण्याजोगा आहे. परंतु पीव्हीसीचे नळ वा पत्रे त्यात चालत नाहीत, कारण तापविल्यावर त्यांतून विषारी वायू निघतो. रस्ता झिजू लागल्यावर प्लास्टिकचे कण पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येतील, ही शंका आम्हांस रास्त वाटते.

दुसरा उपाय शेतकऱ्यास अधिक जवळचा आहे. पिकांच्या काडीकचऱ्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते व ते डांबरात काही प्रमाणात मिसळता येते. नागपूर जिल्ह्यात मनसर येथे राष्ट्रीय महामार्गाच्या एका तुकड्यावर हा प्रयोग झाला व डिसेंबर २०२४ मध्ये तो रस्ता खुला झाला. पाचट, भुसा यांस यामुळे किंमत येईल अशी आशा धरण्यास हरकत नाही. मात्र दहा पावसाळे पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

असो. हे उपाय चांगलेच आहेत. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, डांबरात काहीही मिसळा, पाण्यास वाट दिली नाही तर तो रस्ता राहावयाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅडॅम नावाच्या स्कॉच गृहस्थाने रस्तेबांधणीची जी पद्धत घालून दिली, तिचे मर्मच हे होते की गाडीचा भार अखेर खालची जमीनच उचलते आणि ती कोरडी असेल तोवरच उचलते. वरचा थर म्हणजे एक छप्पर समजावे. छपरास भेग पडली की पाणी आत उतरते, वरून चाकांचा दाब बसतो, ते पाणी खडीवरील डांबर सोलून काढते, खालचा मुरूम मऊ होतो आणि आज दिसलेली भेग पंधरवड्यात खड्डा होते. कडेचे गटार तुंबले असेल तर पाणी वरून येण्याचीही गरज उरत नाही. ते बाजूने व खालून शिरते.

आमच्या भागात तर पावसाचे मान विलक्षण. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, पाचगणीस त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि खाली वाईस त्याहून पुष्कळच कमी. जुलै २०२१ मध्ये तर महाबळेश्वरी एका अहोरात्रीत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला व आंबेनळी घाटातील रस्ता तुटून वाहतूक बंद पडली. अशा प्रलयापुढे माणसाचा इलाज चालत नाही. परंतु दरसालच्या साध्या पावसाने जे रस्ते उखडतात, त्यांचे काय?

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वडिलार्जित शेताच्या तोंडाशी, गाडी आत घेता यावी म्हणून, आम्ही रस्त्याच्या गटारात दगडमाती लोटून वाट केली. खाली नळ घातला नाही. आषाढात पाणी अडले, रस्त्यावरून पलीकडे गेले आणि सकाळी पाहतो तो डांबराची कड हातभर तुटलेली व शेजाऱ्याच्या ताली फुटून माती ओढ्यास मिळालेली. उभी हयात महसूल खात्यात दुसऱ्यांच्या अडथळ्यांचे पंचनामे लिहिण्यात गेली, आणि शेजारी आमच्या दारी येऊन, “भाऊसाहेब, आता हा पंचनामा कोणी लिहावयाचा?” असे म्हणाला. दोन सिमेंटचे नळ आणून बसविले तेव्हा पाणी मार्गी लागले. ताली घालून देण्याचा खर्च नळांच्या कित्येक पट झाला.

दोष सर्वस्वी शेतकऱ्याचा आहे असे मात्र नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवीत गेल्याने रस्ता उंच होतो, शेत खाली राहते आणि मोऱ्यांची तोंडे अपुरी पडतात. जुना थर खरवडून, त्याच खडी-डांबराचा पुन्हा उपयोग करण्याची यंत्रे आता आहेत. त्यात डोंगरही वाचतो व शेतही. गावच्या रस्त्याचे काम ठरते तेव्हाच ग्रामसभेत मोऱ्या किती, कोठे व किती रुंद हे विचारून घ्यावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याची देखभाल पाच वर्षे ठेकेदाराकडे असते. कामाच्या फलकावरील तारीख वहीत टिपून ठेवावी.

कोणी पाण्याची नैसर्गिक वाट बेकायदा अडविली व त्यामुळे शेतजमिनीचे नुकसान झाले वा होण्याचा संभव असला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दावा लावून अडथळा काढविता येतो. कायद्याच्या अधिकाराने झालेल्या बांधकामास हे कलम लागत नाही, म्हणून रस्ता होण्यापूर्वीच बोलणे बरे. दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. आषाढात फुटलेल्या तालीसाठी लोक पुढील होळीनंतर कचेरीत येतात, तेव्हा ती टळून गेलेली असते.