विश्लेषण : घरी प्रार्थना होते, मग चर्चला जायलाच हवे का? आणि जायचे तर कोणत्या?

अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडच्या गावातून नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्या ख्रिस्ती तरुणासमोर पहिल्याच रविवारी एक प्रश्न उभा राहतो. गावात तो कधी पडलेलाच नसतो. तिथे एक चर्च, एक पाळक, आणि घंटा वाजली की सगळे घर बाहेर पडते. शहरात मात्र मराठी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम अशा वेगवेगळ्या उपासना, जुनी दगडी देवळे, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळ्या आणि मोबाइलवर चोवीस तास प्रवचने. ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. चर्चला जाणे खरेच आवश्यक आहे का आणि आपल्यासाठी योग्य चर्च कसे ओळखायचे, याविषयी...

बायबल काय सांगते?

बायबलच्या नव्या करारात ‘चर्च’साठी जो ग्रीक शब्द येतो त्याचा अर्थ सभा किंवा जमलेले लोक असा आहे. मराठी बायबलने त्याला ‘मंडळी’ हा नेमका शब्द दिला. पहिली सुमारे तीन शतके ख्रिस्ती लोक बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या घरीच जमत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ते एकत्र प्रार्थना करत, भाकर मोडत आणि गरजवंतांना आपल्यातले देत, असे वर्णन आहे. म्हणजे इमारत नंतर आली, माणसे आधी जमली.

एकत्र येणे टाळण्याची काहींची सवय तेव्हाही होती. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात तिची दखल घेतलेली आहे आणि तसे करू नका, एकमेकांना धीर द्या, असा सल्ला आहे. येशूने आपल्या काळातील धर्मपुढाऱ्यांवर कठोर टीका केली. तरी शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा आपला परिपाठ त्याने सोडला नव्हता, असे लूकचे शुभवर्तमान सांगते. एकांतातील प्रार्थनेलाही बायबलमध्ये मोठे स्थान आहे. मात्र ती मंडळीला पर्याय म्हणून सांगितलेली नाही.

न जाणे हे पाप आहे का?

याचे उत्तर पंथानुसार बदलते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार रविवारी आणि ठरावीक सणांना मिस्सात सहभागी होणे बंधनकारक आहे. शनिवारी संध्याकाळचा मिस्साही त्यासाठी चालतो. आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल यांसारखे गंभीर कारण असल्यास सूट आहे. कारण नसताना जाणूनबुजून टाळणे हे गंभीर पाप मानले जाते.

प्रोटेस्टंट पंथांची मांडणी वेगळी आहे. तारण विश्वासाने मिळते, हजेरीने नाही, ही त्यांची मूळ भूमिका. त्यामुळे रविवार चुकला म्हणून कोणी तारणाला मुकत नाही. पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी एकट्याने करण्याचे नाहीत, म्हणून मंडळीशिवायचे ख्रिस्ती जीवन अपुरे राहते, असे तेही मानतात. थोडक्यात, एक बाजू त्याला नियम म्हणते, दुसरी गरज. घरी बसून सगळे भागते, असे दोन्हींपैकी कोणीच म्हणत नाही.

ऑनलाइन उपासना पुरेशी नाही का?

२०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद झाले आणि उपासना मोबाइलवर आली. अंथरुणाला खिळलेले, वृद्ध, रविवारीही पाळी असलेले कामगार यांना तिचा आजही आधार आहे. पण प्रभुभोजन पडद्यातून हाती येत नाही. आजाऱ्याने घरी मिस्सा पाहिला तरी कम्युनियन द्यायला कोणीतरी त्याच्या घरी जातेच.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. प्रवचन ऐकणाऱ्या हजारोंपैकी आपण कोण, हे पडद्यापलीकडच्या वक्त्याला ठाऊक नसते. सलग तीन रविवार आपण दिसलो नाही तर ‘बरे आहेस ना’ असे विचारणारा फोन तिथून येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होती. शेजारच्या गोव्यात ती जवळपास एक चतुर्थांश आहे. विखुरलेल्या, लहान समाजात आजारपण, मृत्यू, नोकरी जाणे अशा वेळी धावून येणारी माणसे बहुतेकदा मंडळीतूनच येतात.

चर्चशी न पटलेल्यांनी काय केले?

महाराष्ट्रातील दोन मोठ्या ख्रिस्ती व्यक्तींचे चर्च संस्थेशी फारसे पटले नाही. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पण त्या पंथाच्या काही सिद्धांतांवरून आणि अधिकारावरून आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून रोखठोक वाद घातला. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरी मानेवर घ्यायची नाही, अशी त्यांची भूमिका होती. ख्रिस्ती देशांतील पंथांची गर्दी पाहून आपण गोंधळून गेलो होतो, हेही त्यांनी नंतर लिहिले.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. मिशनचे परदेशी वळण त्यांना खटकत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

या दोघांची नाराजी खरी होती, पण तिचा शेवट घरी एकटे बसण्यात झाला नाही. रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये कोणत्याही एका पंथाला न बांधलेली मंडळी उभी केली, टिळकांनी दरबार भरवला. टिळकांची गीते आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गायली जातात. चर्चवर टीका करणे आणि मंडळी सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

पंथांमध्ये नेमका फरक काय?

कॅथलिकांमध्ये चर्च बहुधा पत्त्यावरून ठरते. आपण राहतो तो भाग ज्या धर्मग्रामात येतो, ते आपले चर्च. मिस्साला मात्र कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये जाता येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) स्थानिक भाषांत मिस्सा होऊ लागला. वसईत तो मराठीत होतो.

‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये सहा चर्च परंपरा एकत्र येऊन स्थापन झाले. अँग्लिकन आणि अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या त्यात आल्या. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च त्या एकीकरणात सहभागी झाले नाही, ते आजही स्वतंत्र आहे. सीएनआयमध्ये स्त्रियाही पाळक होऊ शकतात, कॅथलिक चर्चमध्ये नाही. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचे विधीच नसतात. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट रविवारऐवजी शनिवारी उपासना करतात. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मोकळी स्तुती, साक्षी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना यांवर भर असतो. अनेक पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात, तर बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळ्या समजत्या वयातच देतात. घरात लहान मूल असेल तर हा फरक आधीच विचारून घ्यावा.

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट शिकवण. प्रवचन बायबलच्या वाचनातून निघते की पाळकांच्या स्वतःच्या कर्तृत्वातून? दुसरी गोष्ट भाषा. दिवसभर इंग्रजीत काम करणाऱ्यालाही दुःखाची प्रार्थना मराठीतच सुचते, असे अनेकदा होते. आई-वडील सोबत राहत असतील तर त्यांना कळेल अशी उपासना निवडलेली बरी. तिसरी गोष्ट अंतर. दीड तासाच्या प्रवासावरचे उत्तम चर्च पावसाळ्यात सुटते. जवळचे साधे चर्च टिकते.

चौथी गोष्ट जात. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताचा वाद ओढवला होता. अशा समाजात सर्वांनी एकाच भाकरीतला वाटा घेणे ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून कमिटीत कोण आहे, सोयरिकी कशा जुळतात, नव्या माणसाला आडनाव का विचारले जाते, याकडे लक्ष द्यावे. जात पाहणारी मंडळी आपल्याच मुळाशी बेइमान ठरते.

पाचवी गोष्ट कागदपत्रे. गावच्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा आणि सभासदत्वाचा दाखला घेऊन नव्या ठिकाणी द्यावा. पुढे लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, दफनभूमीतील जागा या सगळ्यात नोंद लागते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार प्रत्येकालाच नसतो. नव्या मंडळीच्या पाळकांकडे तो अधिकार किंवा परवाना आहे का, हे पत्रिका छापण्यापूर्वी विचारावे.

धोक्याच्या खुणा कोणत्या?

प्रश्न विचारला की ‘विश्वास कमी आहे’ असे उत्तर मिळणे. औषधे बंद करायला किंवा डॉक्टरकडे न जायला सांगणे. दशांश दिला नाही म्हणून संकट आले, असे भय घालणे. कुटुंबापासून, जुन्या मित्रांपासून तोडणे. पाळकांवर कोणाचाही वचक नसणे आणि सगळे व्यवहार एकाच घरात असणे. मुलांना मोठ्यांपैकी कोणासोबत एकटे सोडले जात असताना कोणाला त्यात गैर न वाटणे. यापैकी एक जरी दिसले तरी थांबून विचार करावा.

पैशाबाबत विचारण्यात संकोच नको. महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. नोंदणी आहे का, वार्षिक सभेत हिशेब मांडले जातात का, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. नीट चाललेल्या मंडळीला त्यांचा राग येत नाही.

किती दिवस शोधत राहायचे?

एका रविवारवरून मत बनवू नये. तीन-चार ठिकाणे पाहावीत, मग त्यातल्या एका ठिकाणी सलग दोन-तीन महिने जावे. उपासना संपल्यावर लगेच गाडी काढू नये, थांबून दोन माणसांशी बोलावे. पाळकांना भेटून आपण नवीन आहोत हे सांगावे. निर्दोष चर्च कुठेच मिळणार नाही, कारण ते माणसांचेच असते. शिकवण प्रामाणिक आहे, हिशेब उघडा आहे, प्रश्नाला उत्तर मिळते आणि आपण आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात येते, एवढे असेल तर शोध थांबवून नाव नोंदवायला हरकत नाही. आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर एखादा नवा चेहरा दिसला, तर त्याच्याशी आधी आपण बोलावे.