रस्ता ओलांडण्याचें गणित

(नभोवाणीवरील भाषण)



तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत मुलांना एक धडा शिकविला. रस्ता ओलांडतांना प्रथम उजवीकडे पाहावें, मग डावीकडे, पुन्हां उजवीकडे, आणि वाहन येत नसेल तरच पाऊल टाकावें. मुलें हा धडा तालावर म्हणत, आणि परीक्षेंत त्यावर दोन गुणांचा प्रश्न हमखास असे. निवृत्त झाल्यावर एके दिवशीं सहज कागद पुढें घेऊन मीं त्या धड्याचें गणित मांडलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं, इतकीं वर्षें आपण मुलांना जें करावयास सांगत होतों, तें त्यांच्याकडून होण्याजोगें नव्हतें.

गणित असें आहे. शहरांतला रस्ता १२ मीटर रुंद धरूं. आठ वर्षांचें मूल पाठीवर दप्तर घेऊन सेकंदाला सुमारें १ मीटर चालतें. म्हणजे पलीकडे पोंचावयास त्याला १२ सेकंद लागतील. ताशीं ५० किलोमीटर वेगानें येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर तोडते. बारा सेकंदांत ती १६७ मीटर येईल. तेव्हां निर्धास्तपणें रस्ता ओलांडावयाचा, तर त्या मुलानें १६७ मीटर दूर असलेली मोटार पाहिली पाहिजे, तिचा वेग अजमावला पाहिजे, आपल्या चालीशीं त्याचा मेळ घातला पाहिजे. आणि हें सर्व दोन्ही बाजूंचें एकाच वेळीं. नऊ-दहा वर्षांच्या आंतील मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट अजमावतां येत नाहीं, हें आतां सर्वमान्य आहे. त्यांतून कडेला एखादी मोटार उभी असली, तर तिच्या टपावरून पलीकडे पाहण्याइतकी त्यांची उंचीहि नसते. धडा चुकीचा नव्हता. पण तो अर्धा होता. उरलेला अर्धा मोटार हांकणाऱ्याला, आणि त्याहूनहि अधिक, रस्ता बांधणाऱ्याला शिकवावयाचा राहून गेला होता.

आतां तीच मोटार ताशीं ५० ऐवजीं ३० किलोमीटर वेगानें येऊं द्या. संकट दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. ३० च्या वेगाला त्या एका सेकंदांत मोटार ८ मीटर पुढें येते, आणि मग आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर. ५० च्या वेगाला पहिल्या सेकंदांतच ती १४ मीटर जाते, आणि थांबावयास पुढें तितकेच मीटर घेते. हे आंकडे कोरड्या रस्त्याचे व चांगल्या ब्रेकचे आहेत. श्रावणांतल्या निसरड्या रस्त्यावर ते बरेच वाढतात. समजा, मोटारीपुढें १४ मीटरांवर एक मूल चेंडूच्या मागें धांवत आलें. पहिली मोटार त्याच्यापासून हातभर अलीकडे येऊन उभी राहील. दुसरीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडतो न पडतो, तोंच ती पूर्ण वेगानें त्या मुलावर आदळलेली असेल. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें आपण सर्वांनीं शाळेंत घोकलें आहे. ३० चा वर्ग ९०० आणि ५० चा २५००. म्हणजे वेग दुप्पटहि झालेला नसतो, आणि आघात मात्र पावणेतिप्पट झालेला असतो.

मग वेग कमी करावयाचा कसा? आपल्याकडे याचें ठरलेलें उत्तर म्हणजे पाटी. रस्त्याच्या कडेला ‘३०’ असा आंकडा रंगवून पाटी रोवली, कीं कर्तव्य संपलें. परंतु रुंद, सरळ, गुळगुळीत रस्त्यावर चालकाचा पाय पाटीचें ऐकत नाहीं; तो रस्त्याचें ऐकतो. हें ज्यांना फार मोठी किंमत देऊन कळलें, आणि ज्यांनीं पुढें चाळीस-पन्नास वर्षें खपून आपले रस्तेच नव्यानें घडविले, त्या हॉलंड देशाची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

हॉलंड म्हणजे सायकलींचा देश, असें आपण ऐकतों आणि हा त्या लोकांचा जन्मजात गुण असावा, अशी समजूत करून घेतों. जमीन सपाट, हवा थंड, मग सायकल न चालवतील तर काय करतील! वस्तुस्थिति तशी नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंहि सुबत्ता आली, घरोघर मोटारी आल्या, आणि सायकली भराभर कमी होऊं लागल्या. चौक मोटारी उभ्या करण्याची आवारें बनले. १९६७ सालीं जोकिनेन नांवाच्या एका अमेरिकन तज्ज्ञानें ॲमस्टरडॅमच्या जुन्या वस्त्या पाडून शहराच्या पोटापर्यंत प्रशस्त मोटाररस्ते न्यावे, अशी योजना मांडली होती, आणि ती मनापासून पसंत करणारे लोकहि होते. १९७१ सालीं, अवघ्या सव्वा-दीड कोटी वस्तीच्या त्या देशांत, रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं.

त्या मुलांमध्यें विक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी होती. ती सायकलवरून शाळेस जात असतां एका मोटारीनें तिला ठार केलें. १९७२ सालीं त्यानें ‘दे टाइट’ या वृत्तपत्रांत लेख लिहिला. त्याचा मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. शब्द कठोर होता, पण तो जाणूनबुजून योजलेला होता. अपघात म्हटलें, कीं आपण दैवाकडे बोट दाखवून मोकळे होतों; हत्या म्हटलें, कीं कोणीं केली हा प्रश्न उभा राहतो. त्याच नांवाची चळवळ सुरू झाली. आईबाप, शिक्षक, विद्यार्थी रस्त्यांत उतरले; सायकली आडव्या टाकून त्यांच्याशेजारीं निजले; पंतप्रधान डेन ऑइल यांच्या घरापुढें जाऊन सुरक्षित रस्ते मागितले. ॲमस्टरडॅमच्या ‘दे पाइप’ या दाट वस्तींत तर मुलांनींच खेळण्यासाठीं रस्ता मोकळा मागून आपल्या हातांनीं तो बंद केला. १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई झाली आणि सरकारनें रविवारीं मोटारी चालविण्यास बंदी केली. त्या कांहीं रविवारीं लोकांनीं आपलीं शहरें मोटारींवांचून कशीं दिसतात, हें डोळ्यांनीं पाहिलें. हजार व्याख्यानांनीं झालें नसतें तें काम तेलाच्या टंचाईनें केलें, असें मला वाटतें.

पुढें जें झालें तें गवंड्यांचें आणि अभियंत्यांचें काम, आणि माझ्या दृष्टीनें खरा रस त्यांतच आहे. डेल्फ्ट गांवांत १९६० नंतरच्या दशकांत कांहीं गल्ल्या निराळ्या तऱ्हेनें बांधून पाहिल्या होत्या. पदपथ आणि रस्ता असा भेदच काढून टाकला. सगळीकडे एकाच पातळीची फरसबंदी केली. मध्येंच झाड, मध्येंच बाक, मध्येंच फुलांचा वाफा ठेवला. गल्ली सरळ न ठेवतां नागमोडी केली. मोटारीला मज्जाव नाहीं, परंतु तिनें पाहुण्यासारखें यावें. डच भाषेंत अशा गल्लीला ‘वूनर्फ’ म्हणतात, म्हणजे राहत्या घराचें अंगण. आपल्याकडे या कल्पनेचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाहीं. ज्यांनीं सदाशिव किंवा शनिवार पेठेंतल्या बोळांत लहानपणीं विटीदांडू खेळला आहे, त्यांना ती ठाऊकच आहे. १९७६ सालीं या अंगणांना कायद्याची मान्यता मिळाली, आणि त्यांत मोटारीनें माणसाच्या चालीनेंच जावें, असा नियम झाला. नियमाआधीं गल्ली तशी बांधून झालेली होती, म्हणून तो पाळला गेला.

मोठ्या रस्त्यांवर निराळी युक्ति केली. जेथें वाहनांनीं वेगानें जाणें आवश्यक, तेथें सायकलींना स्वतंत्र मार्ग आणि मध्यें कठडा किंवा झाडांची रांग. जेथें वेग आवश्यक नाहीं, तेथें सर्वांना एकत्र जाऊं द्यावयाचें, पण वेग ३० वर आणावयाचा. तो आणण्याचे उपाय साधे आहेत. मोटारीची पट्टी ३.५ मीटरांऐवजीं ३ मीटर ठेवली, कीं चालक आपोआप जपून जातो. चौकांतल्या कोपऱ्याची गोलाई मोठी असली, तर मोटार वेग न सोडतां वळते. तोच कोपरा आंखूड केला, तर तिला जवळजवळ थांबूनच वळावें लागतें. पादचाऱ्यांनीं ओलांडण्याची जागा रस्त्याच्या पातळीवर न ठेवतां पदपथाच्या उंचीवर आणली, म्हणजे माणूस रस्त्यांत उतरत नाहीं, मोटारच त्याच्या ओट्यावर चढते आणि उतरते. मध्यें एक लहानसा थांबा ठेवला, तर १२ मीटरांचा रस्ता सहा-सहा मीटरांचे दोन रस्ते होतात, आणि आरंभीं सांगितलेल्या मुलाला एका वेळीं एकाच बाजूला पाहावें लागतें. त्याचें १६७ मीटरांचें गणित तेथेंच निम्म्यावर येतें.

त्यांच्याहि चुका झाल्या. १९७५ च्या सुमारास टिलबर्ग आणि हेग या शहरांत सरकारनें एकेक सुरेख सायकलमार्ग बांधला. मार्ग उत्तम, पण एकटाच. घरापासून तेथपर्यंत आणि तेथून कचेरीपर्यंत पूर्वीचीच दैना. सायकली अपेक्षेइतक्या वाढल्या नाहींत. मग डेल्फ्टनें साऱ्या गांवभर लहानमोठ्या मार्गांचें जाळें विणलें, तुटलेले दुवे जोडले, तेव्हां गुण दिसला. आजचें चित्र असें कीं, गेल्या दहा-बारा वर्षांत हॉलंडमधील रस्त्यांवरील वार्षिक मृत्यु साडेपांचशें ते साडेसातशें यांच्या दरम्यान राहिले आहेत. वाहनें मात्र १९७१ च्या कितीतरी पट झालीं आहेत. तेथेंहि सर्व गोड आहे असें नाहीं. विजेच्या सायकली आल्यापासून वृद्ध सायकलस्वारांचे अपघात वाढले असून ती त्यांची नवी चिंता आहे. ॲमस्टरडॅमनें डिसेंबर २०२३ पासून शहरांतील बहुतेक रस्त्यांवर ताशीं ३० ची मर्यादा घातली. म्हणजे काम अजून चालूच आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. दिवसाला नव्वद. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी आणि उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. आपण आपल्या दारापुढचा पदपथ टेप लावून मोजून पाहावा. उंची इतकी असते, कीं म्हाताऱ्याला चढवत नाहीं. रुंदींत विजेची पेटी, झाडाचा पार, जाहिरातीचा खांब आणि चार दुचाक्या असतात. आणि प्रत्येक फाटकापाशीं पदपथ संपून पुन्हां सुरू होतो. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्वेध पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. जीविताचा हक्क आणि तो खांब, दोन्ही आज एकाच जागीं उभे आहेत.

पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत, आणि तें खरें होतें. शाळा सुटण्याच्या वेळीं घंटींचा जो नाद उठे, तो माझ्या पिढीच्या कानांत अजून आहे. २०१८ सालीं तेथील नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर, म्हणजे माणसांच्या संख्येहून अधिक झाल्याचें प्रसिद्ध झालें. प्रयत्न झाले नाहींत असें नव्हे. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ चांगले ऐसपैस केले, आणि तेथें आजींचा हात धरून नातू चालतांना दिसतो. २०१७ सालीं सायकल-आराखडा संमत झाला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्तोरस्तीं आल्या आणि थोड्याच काळांत दिसेनाशा झाल्या. तुकड्यातुकड्यानें बांधलेले सायकलमार्ग आहेत, त्यांचें टिलबर्गसारखेंच झालें. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. एरवीं ज्या रस्त्यांत जीव मुठींत धरून चालावें लागतें, त्याच्या मधोमध लोक त्या दिवशीं गप्पा मारीत उभे होते.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला पाठ आहेत. आपल्याकडे ऊन फार, असें म्हणतात. पण पुणें सायकलींचें शहर होतें, तेव्हांहि वैशाख याच महिन्याला म्हणत. आपले रस्ते अरुंद, असें म्हणतात. अंगणाची कल्पना तर अरुंद गल्लीसाठींच निघाली. दुकानदारांना गिऱ्हाईक तुटण्याची भीति वाटते, आणि ती अगदींच निराधार मानूं नये; माल उतरविण्याची वेळ आणि जागा ठरवून द्यावीच लागेल. मात्र पादचारी पुलांचा आग्रह मला समजत नाहीं. गुडघे दुखणाऱ्या माणसानें चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतराव्या, कशासाठीं, तर मोटारीला ब्रेकवर पाय ठेवावा लागूं नये म्हणून!

माझ्या घराजवळच्या चौकांत रस्ता १८ मीटर रुंद आहे आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १५ सेकंद असतो. सेकंदाला १.२ मीटर ही धडधाकट माणसाची चाल धरून तो हिशेब केलेला आहे, आणि हिशेब म्हणून तो बरोबर आहे. पण पलीकडे रुग्णालय आहे, आणि तेथें जाणारे बहुतेक लोक काठीचे. गेल्या महिन्यांत पत्नीला घेऊन जातांना मीं घड्याळ लावून पाहिलें. आमची चाल सेकंदाला ०.८ मीटर भरली. दिवा तांबडा झाला, तेव्हां आणखी ६ मीटर रस्ता पुढें होता, आणि डावीकडून वाहनें सुटलीं होतीं. एका दुचाकीवरच्या मुलानें आपली गाडी आडवी घालून आम्हांला वाट करून दिली. हिरवा दिवा आठ सेकंदांनीं वाढवावा, असा अर्ज मीं संबंधित कचेरींत दिला. वाहनांची रांग वाढेल, असें उत्तर आलें. मीं पुन्हां अर्ज दिला आहे, आणि या खेपेस सोबत वरील गणित जोडलें आहे.