राग कोणावर, भीती कोणासाठी?

मराठीत राग एखाद्यावर येतो, भीती एखाद्याची वाटते आणि अभिमान एखाद्याचा असतो. यांतील ‘वर’, ‘ची’, ‘चा’ आपणांस कोणी शिकविलेले नाहीत. घरातल्या बोलण्यातूनच ते आपल्या जिभेवर बसले. इंग्रजीतही भावना सांगणाऱ्या विशेषणांनंतर असेच ठरलेले शब्द येतात. त्यांना प्रिपोझिशन म्हणतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या शेवटी जोडली जातात, तर इंग्रजीतील हे शब्द नामाच्या आधी सुटे उभे राहतात.

मराठी षष्ठीच्या जागी इंग्रजीत पुष्कळदा ‘ऑफ’ येतो. कुत्र्याची भीती म्हणजे ‘अफ्रेड ऑफ’, मुलीचा अभिमान म्हणजे ‘प्राउड ऑफ’. येथे भाषांतर जुळते, म्हणून विद्यार्थी धीट होतो आणि ‘भावावर रागावलो’ याचे ‘अँग्री ऑन माय ब्रदर’ करून टाकतो. इंग्रजी राग ‘ऑन’ घेत नाही. व्यक्तीवर राग असेल तर ‘अँग्री विथ’, गोष्टीबद्दल असेल तर ‘अँग्री अबाउट’. ‘ॲट’ दोन्हीकडे चालतो. ‘गुरुजी माझ्यावर खूश आहेत’ येथेही ‘ऑन’ नको, ‘विथ’ हवा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पद्धत आम्ही टाकाऊ मानत नाही; पण अव्ययांच्या बाबतीत शब्दास शब्द ठेवणे धोक्याचे आहे, एवढे नक्की.

केवळ गुण कापले जाण्यापुरताच हा धोका असता, तर आम्ही त्यावर एवढे लिहिले नसते. अव्यय बदलले की माणसाविषयीचे विधानच बदलते. ऊसतोडीला गेलेल्या आईची काळजी वाटते म्हणून एखादी मुलगी निबंधात ‘आय ॲम अफ्रेड ऑफ माय मदर’ असे लिहिते. वाचणाऱ्याला त्यातून ती मुलगी आईलाच घाबरते असे कळते. तिला म्हणायचे होते ‘अफ्रेड फॉर’. ‘ऑफ’नंतर येते ते ज्याच्यापासून भय आहे ते, ‘फॉर’नंतर येते ती ज्याच्यासाठी जीव धास्तावतो ती व्यक्ती.

‘टायर्ड’चेही तसेच. बाप दिवसभर खडी फोडून थकला, तर तो ‘टायर्ड फ्रॉम वर्क’. ‘टायर्ड ऑफ वर्क’ म्हणजे कामाला कंटाळलेला, विटलेला. मराठीत आपण ‘कामाने थकला’ आणि ‘कामाला कंटाळला’ असे दोन निराळे शब्द वापरतो. इंग्रजीत विशेषण एकच राहते आणि सारा भार त्या इवल्याशा अव्ययावर पडतो. कष्टकरी बापाला एका ‘ऑफ’ने कामचुकार ठरवू नये.

लाजेची गंमत आणखी वेगळी. ‘मला पाहुण्यांची लाज वाटते’ म्हणजे त्यांच्यासमोर बुजल्यासारखे होते. इंग्रजीत त्याला ‘शाय विथ’ म्हणावे. ‘अशेम्ड ऑफ’ म्हटले, तर पाहुणेच लाजिरवाणे ठरतात! ‘सॉरी’नंतर चुकीचा उल्लेख ‘फॉर’ने केला की क्षमायाचना होते; माणसाचा उल्लेख केला की त्याची कीव केल्यासारखे होते. स्वाभिमानी माणसाला ‘आय ॲम सॉरी फॉर यू’ म्हणताना दोनदा विचार करावा. याच ‘फॉर’चे एक सुंदर रूपही आहे: ‘हॅपी फॉर यू’, म्हणजे तुझे चांगले झाले याचा मला आनंद आहे. पालीतील ‘मुदिता’ जवळजवळ हेच सांगते.

अव्ययानंतर क्रियापद आले तर त्याला ‘आयएनजी’ लावावा. आपण ‘पडणेची भीती’ म्हणत नाही, ‘पडण्याची’ म्हणतो. तसेच ‘अफ्रेड ऑफ फॉल’ नव्हे, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’.

वहीत एकटे विशेषण लिहूच नये. ‘इंटरेस्टेड इन’, ‘फॉन्ड ऑफ’, ‘कीन ऑन’ अशी जोडीच लिहावी आणि पुढे स्वतःच्या घरातले, गावातले एक वाक्य जोडावे. नवे शब्दकोश अशा जोड्या उदाहरणांसह देतात. काही जोड्या मात्र बदलत्या आहेत. ‘बोअर्ड ऑफ’ हल्ली सर्रास ऐकू येते, पण जुन्या वळणाच्या परीक्षकाला ते खटकते. उत्तरपत्रिकेत ‘बोअर्ड विथ’ लिहावे.