इंटरनेटचे व्यसन आणि आपले घर



व्यसन हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता, मटक्याचा अड्डा किंवा तंबाखूची पुडी उभी राहते. या व्यसनांनी किती संसार धुळीस मिळवले हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. परंतु आज आपल्या घरात असे एक व्यसन शिरले आहे की, त्याला वास येत नाही, त्याने पाय लटपटत नाहीत आणि त्याचे साधन आपण स्वतःच पैसे मोजून मुलांच्या हाती दिले आहे. ते म्हणजे इंटरनेटचे व्यसन. हे व्यसन म्हणजे नेमके काय, ते कसे जडते आणि त्यातून बाहेर कसे पडावे, याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करणार आहोत.

फोन घरात आला तो दप्तर म्हणून

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे ती शहरांपुरती आणि सायबर कॅफेपुरतीच होती. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि ते खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, शिक्षण ऑनलाइन झाले. आपल्या सुरगाणा तालुक्यासारख्या डोंगराळ भागात रेंज शोधत टेकडी चढावी लागे. ज्या घरात फोन नव्हता, त्या घराने उसनवारी करून तो घेतला. मुलांचे शिक्षण बुडू नये, हाच त्यामागे हेतू होता. पुढे शाळा उघडल्या, परंतु हाती आलेला फोन काही खाली ठेवला गेला नाही.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. भात, नागलीची कामे आटोपली की अनेक कुटुंबांतील आईबाप दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. मुले आजी-आजोबांपाशी राहतात. आईचा आवाज ऐकायला फोन लागतो, म्हणून तो घरी ठेवावाच लागतो. आजीला वाचता येत नाही. नातू फोनवर धडा पाहतो आहे की खेळ खेळतो आहे, हे तिने ओळखावे कसे? म्हणून "पालकांनी लक्ष द्यावे" एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंटरनेट आपला शत्रू नव्हे. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजनेचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सातबारा, नोकरीची जाहिरात हे सर्व आज त्यावरच मिळते. ज्या विद्यार्थ्याला नाशिकला शिकवणी लावणे परवडत नाही, त्याला स्पर्धा परीक्षेची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. म्हणून इंटरनेट सोडून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. दारू पूर्ण सोडता येते, इंटरनेट तसे सोडता येत नाही. आणि म्हणूनच हे व्यसन ओळखणे आणि आवरणे अधिक कठीण आहे.

व्यसन कशाला म्हणावे ?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. किंबर्ली यंग यांनी १९९६ मध्ये हा विषय अभ्यासकांपुढे मांडला. जुगाराच्या व्यसनाची लक्षणे आधारास घेऊन त्यांनी आठ प्रश्न तयार केले आणि त्यांपैकी पाच वा अधिक प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आल्यास तो व्यसनाचा इशारा मानला. जागतिक आरोग्य संघटनेने संपूर्ण इंटरनेटला नव्हे, परंतु डिजिटल खेळांच्या अनावर सवयीला आजार म्हणून मान्यता दिली असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तेथे किती तास खेळला याला फारसे महत्त्व नाही. खेळावर ताबा राहिला नाही, इतर कामांपेक्षा खेळच मोठा झाला आणि नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही, अशी स्थिती साधारण एक वर्षभर टिकली, तर तो आजार समजावा, असे तिचे म्हणणे आहे. परिस्थिती गंभीर असेल तर वर्षभर थांबण्याचीही गरज नाही.

आपण प्रत्येकाने स्वतःला पुढील प्रश्न विचारून पाहावेत.

१) पाच मिनिटांसाठी फोन हाती घेतला आणि तास कधी गेला ते कळले नाही, असे वरचेवर होते काय?
२) कमी करायचे ठरवूनही पुनःपुन्हा अपयश येते काय?
३) फोन काढून घेतला किंवा रेंज गेली की चिडचिड, बेचैनी होते काय?
४) किती वेळ पाहिले याबद्दल घरी खोटे सांगावे लागते काय?
५) अभ्यास, कामधंदा, खेळ किंवा माणसे यांपैकी काही त्यापायी सुटत चालले आहे काय?
६) दुःख, भीती किंवा एकटेपणा विसरण्यासाठीच फोन उघडला जातो काय?

हे प्रश्न म्हणजे डॉक्टरी तपासणी नव्हे. परंतु बहुतेक उत्तरे "होय" असतील, तर सावध होण्याची वेळ आली आहे असे समजावे.

ते जडते कसे ?

पुष्कळदा मुलांना आळशी, बेशिस्त म्हणून दोष दिला जातो. तो अन्याय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम नसला, की कबुतर अधिकच चिकाटीने चोच मारत राहते असे त्यांना आढळले. मटका खेळणाऱ्याची गत तीच. आज आकडा लागला नाही, उद्या लागेल. मोबाईलवरील छोट्या चित्रफितींचेही तसेच आहे. एक कंटाळवाणी निघते, दुसरीही तशीच, तिसरी मात्र हसवून जाते आणि त्या तिसरीच्या आशेने अंगठा फिरत राहतो. त्यात भर अशी की, या पानाला शेवटच नाही. पुस्तकाचे प्रकरण संपते, चित्रपट संपतो, पण येथे पडदा खाली सरकवला की पुढचे हजर. अशी रचना २००६ मध्ये तयार करणाऱ्या अझा रास्किन या तंत्रज्ञाने पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती दिसतात आणि तितका पैसा कंपनीला मिळतो. म्हणजे एका बाजूला सहावीतले पोर आणि दुसऱ्या बाजूला जगातील हुशार अभियंते, अशी ही विषम लढाई आहे.

दैनंदिन जीवनावर परिणाम

पहिला घाव झोपेवर पडतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. अंथरुणात फोन घेऊन रात्रीचे बारा वाजवणारा विद्यार्थी सकाळी वर्गात बसतो, पण त्याचे डोळे मिटत असतात. दुसरा घाव एकाग्रतेवर. दर अर्ध्या मिनिटाला नवे चित्र पाहण्याची सवय लागलेल्या मनाला गणिताचे एक उदाहरण वीस मिनिटे धरून बसणे जड जाते. तिसरा शरीरावर. डोळे कोरडे पडतात, मान दुखते, मैदान सुटते. चौथा खिशावर. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक तरुणांना कर्जात लोटले, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला अशा खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. आणि पाचवा घाव माणसांवर. चार माणसे एका ओट्यावर बसतात, चौघांच्या माना खाली. द्राक्षबागेतून महिन्याने आलेल्या बापाला पोराने मान वर करून पाहिले नाही, तर त्या बापाने काय समजावे?

ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर मान ताठ केली, त्या समाजाच्या मुलांच्या अभ्यासाची वेळ अशी हातोहात जात असेल, तर हे नुकसान थोडे नाही. पंचशीलातील पाचवे शील मादक द्रव्यांविषयी आहे, कारण त्यांच्यामुळे माणूस बेसावध होतो, प्रमाद करतो. फोन हे मादक द्रव्य नव्हे, परंतु बेसावधपणा तोच आहे.

एका गावाचा धडा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, हे शिक्षकांच्या ध्यानात आले. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावातील महिलांची सभा भरली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता गावच्या मंदिरावरील भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचन करायचे, एकमेकांशी बोलायचे. ८.३० वाजता पुन्हा भोंगा आणि मग मोकळीक. सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेले. तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच. परंतु आम्हाला वडगावचा मार्ग अधिक पटतो. कारण तेथे फोन आधी मोठ्यांनी खाली ठेवला. बाप ओट्यावर चित्रफिती पाहत बसला आणि पोराला म्हणाला, "अभ्यास कर," तर ते पोर ऐकणार नाही.

आपण काय करावे ?

रोज संध्याकाळी दीड तास आपापल्या वस्तीत फोन बंद ठेवावा. भोंगा नसेल तर थाळी वाजवावी. समाजमंदिरात किंवा कोणाच्याही ओट्यावर दिवा लावून मुलांना एकत्र बसवावे. ज्यांचे आईबाप कामावर गेले आहेत, त्या मुलांना शेजाऱ्याने हाक मारून आणावे. आईबापांच्या फोनची वेळ ठरवून घ्यावी, म्हणजे उरलेला वेळ फोन आजीच्या पेटीत राहील. रात्री फोन अंथरुणात नको. विद्यार्थ्यांनी काय पाहायचे ते आधी कागदावर लिहावे, ते झाले की फोन बंद करावा. आणि केवळ काढून घेऊन भागत नाही. त्या जागी कबड्डी, पुस्तक, गप्पा असे काहीतरी दिले पाहिजे.

एवढे करूनही आवरत नसेल तर लाज बाळगू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये याच त्रासासाठी स्वतंत्र उपचार विभाग सुरू केला. व्यसनी माणूस वाईट नसतो, तो आजारी असतो आणि आजारी माणसाला शिव्यांची नव्हे, सोबतीची गरज असते.

हा लेख वाचून झाल्यावर आजच घरातील सर्वांनी मिळून एक वेळ ठरवावी. उद्या संध्याकाळी त्या वेळी पहिला फोन आपला स्वतःचा बंद करावा, एवढीच आमची विनंती आहे.