परदेशातील वैमानिक प्रशिक्षण आणि उड्डाणतास

परदेशातील वैमानिक प्रशिक्षण म्हणजे अन्य देशातील मान्यताप्राप्त संस्थेत विमान चालवण्यास शिकून व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे उड्डाणतास तेथेच पूर्ण करणे होय. भारतीय विद्यार्थी यासाठी अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इत्यादी देशांत जातात. मात्र तेथील परवाना भारतात आपोआप लागू होत नाही. भारतीय विमान कंपनीत वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या भारतीय नागरिकास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवाना घ्यावा लागतो.

इतिहास

भारतात प्रशिक्षणाची सोय होण्यापूर्वी उड्डाण शिकण्यासाठी परदेशी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल होऊन लढाऊ वैमानिक झाले. १९१८ मध्ये पश्चिम आघाडीवर त्यांना मृत्यू आला. १९२८ मध्ये मुंबईत जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९४४ च्या शिकागो करारामुळे परवान्यांचे किमान निकष आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरू लागले. एका देशातील उड्डाणतास दुसऱ्या देशात विचारात घेतले जातात, ते या समान निकषांच्या आधारावर.

भारतीय परवान्याच्या अटी

व्यावसायिक परवान्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. त्याला वर्ग १ ची वैद्यकीय पात्रता आणि एकूण किमान २०० उड्डाणतास आवश्यक असतात. त्यांपैकी १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून, म्हणजे विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे असताना, केलेले असावेत. या १०० तासांतील किमान १५ तास अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतले असणे बंधनकारक आहे. याशिवाय लांब पल्ल्याचे उड्डाण, रात्रीचे उड्डाण आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांचेही स्वतंत्र तास ठरलेले आहेत.

तास वाढवण्याची पद्धत

अमेरिकेत खासगी परवान्यासाठी किमान ४० तास पुरतात. त्यानंतर विद्यार्थी भाड्याच्या छोट्या विमानातून प्रशिक्षकाविना उड्डाणे करून प्रमुख वैमानिकाचे तास जमवतो. यालाच तास वाढवणे म्हणतात. प्रत्येक उड्डाणाची नोंद उड्डाण नोंदवहीत, म्हणजे लॉगबुकमध्ये, केली जाते. नोंदीचे नियम मात्र देशागणिक वेगळे असतात. उदाहरणार्थ, अमेरिकी नियमांनुसार काही परिस्थितीत एकाच उड्डाणाचा वेळ दोन वैमानिकांना प्रमुख वैमानिक म्हणून नोंदवता येतो. असे तास हिशेबात धरण्यापूर्वी ते भारतीय नियमांशी पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

परदेश आणि महाराष्ट्र

भारतात पावसाळ्यात ढग, पाऊस व कमी दृश्यमानता यांमुळे छोट्या विमानांची उड्डाणे वारंवार थांबतात. प्रशिक्षक वा विमान उपलब्ध नसल्यानेही विलंब होतो. अनुकूल हवामान आणि प्रशिक्षणासाठी मोकळी असलेली विमानतळे हे परदेशाचे मुख्य आकर्षण होय. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराला चिकलठाणा येथे विमानतळ आहे. परंतु त्याचा मुख्य उपयोग प्रवासी वाहतुकीसाठी होतो. राज्यात धुळे, शिरपूर, बारामती आणि गोंदिया ही ठिकाणे वैमानिक प्रशिक्षणासाठी ओळखली जातात. त्यामुळे मराठवाड्यातील विद्यार्थ्यास राज्यातील प्रतीक्षा आणि परदेशातील खर्च यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा लागतो.

परवान्याचे रूपांतर

परदेशी परवाना घेऊन परतलेल्या उमेदवारास हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम इत्यादी विषयांच्या भारतीय परीक्षा द्याव्या लागतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. रेडिओ संभाषणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि उड्डाण कौशल्याची चाचणी याही अटी असतात. मूळ परवाना खरा असल्याची खात्री तो देणाऱ्या देशाकडून करून घेतली जाते.

येथे टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. एखाद्याचे सर्व तास पूर्ण झालेले असले, तरी परीक्षा रेंगाळल्या तर सहा महिन्यांची मर्यादा उलटते आणि १५ तासांची अट पुन्हा खर्च करून पूर्ण करावी लागते. वैद्यकीय अपात्रता उशिरा लक्षात आली, तर कर्ज काढून घेतलेले संपूर्ण प्रशिक्षण व्यावसायिक उड्डाणासाठी निरुपयोगी ठरू शकते. म्हणून वर्ग १ ची तपासणी आणि शक्य तितक्या लेखी परीक्षा प्रयाणापूर्वीच पूर्ण करणे हिताचे मानले जाते.

नोंदींची विश्वासार्हता

२०११ मध्ये काही वैमानिकांनी बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवल्याचे भारतात उघडकीस आले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. त्यानंतर कागदपत्रांच्या पडताळणीचे महत्त्व अधोरेखित झाले. नोंदवहीतील प्रत्येक तास हा वैमानिकाच्या हाती जीव सोपवणाऱ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेशी निगडित असतो. खोटी नोंद केल्यास परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो.