नर्मदा परिक्रमेची दिशा

नर्मदा परिक्रमेची दिशा म्हणजे नर्मदा नदीला प्रदक्षिणा घालताना पाळला जाणारा प्रवासाचा क्रम होय. नदी सतत यात्रेकरूच्या उजव्या हाताला राहावी, हा त्यातील मुख्य नियम आहे. परिक्रमा कोठून सुरू करावी हे यात्रेकरू ठरवू शकतो. दिशा मात्र परंपरेने ठरलेली आहे. त्यामुळे समुद्र, अरण्य व उगमाकडील डोंगराळ प्रदेश कोणत्या ऋतूत लागेल, हे आरंभस्थानावर अवलंबून असते.

दिशेचा नियम

नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि सुमारे १,३१२ किमी पश्चिमेकडे वाहत जाऊन भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. देवतेला उजवीकडे ठेवून फिरणे म्हणजे प्रदक्षिणा. या अर्थानुसार परिक्रमावासी दक्षिण तटाने प्रवाहाच्या दिशेने समुद्राकडे, तर उत्तर तटाने प्रवाहाच्या उलट उगमाकडे चालतात. परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नर्मदेचे पात्र ओलांडायचे नसते. उपनद्या ओलांडण्यास हरकत नसते.

तिबेटमधील कैलास पर्वताभोवतीही हिंदू व बौद्ध यात्रेकरू याच दिशेने फिरतात. बोन संप्रदायाचे अनुयायी मात्र उलट दिशेने जातात.

आरंभस्थान

अमरकंटक व ओंकारेश्वर ही प्रमुख आरंभस्थाने आहेत. अमरकंटकहून दक्षिण तटाने निघाल्यास तो संपूर्ण तट चालून झाल्यावर समुद्र लागतो. ओंकारेश्वरहून निघाल्यास शूलपाणीचे अरण्य व समुद्र लवकर येतात आणि उगम नंतर येतो. चातुर्मासात ओढे-नद्यांना पूर येत असल्याने परिक्रमावासी एकाच ठिकाणी मुक्काम करतात. म्हणून बहुतेक जण चातुर्मास संपल्यावर परिक्रमा 'उचलतात'.

ओंकारेश्वराचे मंदिर मांधाता बेटावर आहे. तेथे जाण्यासाठी पात्र ओलांडावे लागत असल्याने त्याचे दर्शन परिक्रमेच्या सांगतेनंतर घेतले जाते. दक्षिण तटावरील ममलेश्वराच्या दर्शनास ही अडचण येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील यात्रेकरूंना भुसावळ–खंडवा मार्गे ओंकारेश्वर गाठणे सोयीचे पडते. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची शाखाही तेथे आहे. दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात ओंकारेश्वरहून खेडीघाटाकडे निघालेली नाव खडकावर आदळून फुटल्याची व नर्मदेने ती तारल्याची कथा आहे. हा प्रवास परिक्रमेचा नसून दर्शनानंतर प्रवाहाच्या दिशेने केलेला परतीचा प्रवास होता.

समुद्रातील टप्पा

दक्षिण तटावरून उत्तर तटावर जाण्यासाठी नदीऐवजी तिच्या मुखापुढील समुद्र ओलांडला जातो. विमलेश्वर परिसरातून निघालेली नाव मिठी तलाई येथे पोहोचते. नाव सुटण्याची वेळ भरती-ओहोटीवर ठरत असल्याने यात्रेकरूंना किनाऱ्यावर थांबावे लागते.

अन्य प्रकार

जलहरी परिक्रमेत समुद्रही ओलांडत नाहीत. मुखापाशी पोहोचल्यावर त्याच तटाने मागे फिरून, उगमाला वळसा घालून दुसऱ्या तटावर जातात. त्यामुळे अंतर जवळपास दुप्पट होते व परतीच्या वाटेवर नदी डाव्या हाताला येते.

गुजरातमधील रामपुरा ते तिलकवाडा या भागात नर्मदा उत्तरेकडे वाहते. तेथे चैत्र महिन्यात सुमारे २१ किमीची उत्तरवाहिनी परिक्रमा केली जाते. या छोट्या परिक्रमेत एका तटावरून दुसऱ्या तटावर जाण्यासाठी नदीचे पात्रच ओलांडले जाते.

बदललेला मार्ग

इंदिरा सागर व सरदार सरोवर या धरणांच्या जलाशयांत काठावरील अनेक गावे व जुन्या पायवाटा बुडाल्या. नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठही त्यात आला. अशा ठिकाणी परिक्रमावासींना काठापासून दूरच्या रस्त्यांनी चालावे लागते व कित्येक दिवस नदी दृष्टीस पडत नाही. तरीही ती उजव्या बाजूला ठेवण्याचा नियम पाळला जातो.

जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' आणि भारती ठाकूर यांचे 'नर्मदा परिक्रमा – एक अंतर्यात्रा' ही मराठीतील परिक्रमेवरील परिचित पुस्तके आहेत.